मेसेज दुसऱ्याला दिसला की पैसा गेला: फोनवर लांबून नजर ठेवणाऱ्या ॲपपासून सावध राहा



आजचा मेसेज नेहमीपेक्षा मोठा आहे. यात पाऊस, फवारणी, बाजारभाव काही नाही. पण घातलेल्या मालाचा पैसा खात्यात टिकवायचा असेल तर शेवटपर्यंत वाचा. एका बैठकीत झाला नाही तर संध्याकाळी निवांत वाचा. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

*काय घडलं?*

आपल्या एका सभासदांनी केंद्रावर सोयाबीन घातलं. त्याच आठवड्यात गावच्या ग्रुपवर एक फाईल आली. नाव होतं पीएम किसान. खाली लिहिलेलं, 'हप्ता थांबला असेल तर आजच केवायसी करा, नाहीतर यादीतून नाव जाईल.' पाठवणारा नंबर ओळखीचा, गावातल्याच माणसाचा. म्हणून त्यांनी फाईल उघडली. फोनने जे जे विचारलं त्याला 'परवानगी द्या' म्हटलं. फॉर्म भरला. पुढे 'सर्व्हर बिझी आहे' असं आलं, त्यांनी फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी मालाचे पैसे जमा झाले. त्याच रात्री तीन वेळा मिळून ३१,००० रुपये गेले. बँकेचा एकही मेसेज त्यांना दिसला नाही. खत आणायला पैसे काढायला गेले तेव्हा एटीएमवर कळलं. ओटीपी त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. कुणाचा फोनही आला नव्हता. मग पैसे गेले कसे?

आणि ज्यांच्या नंबरवरून फाईल आली, त्यांनी ती पाठवलीच नव्हती. त्यांच्या फोनमध्येही तेच ॲप बसलं होतं.

लाजेपोटी आपल्या सभासदांनी चार दिवस घरातसुद्धा सांगितलं नाही. शेवटी कार्यालयात आले. 'नाव घालू नका, पण बाकीच्यांना कळू द्या,' असं त्यांनीच सांगितलं. म्हणून हे लिहितोय.

*मेसेज म्हणजे तिजोरीची किल्ली*

आपण सगळे एक गोष्ट घोकून बसलोय: ओटीपी कुणाला सांगायचा नाही. बरोबरच आहे. पण आता चोर ओटीपी विचारतच नाही. तो तुमच्या फोनमध्ये एक ॲप बसवतो. ते ॲप आलेला प्रत्येक मेसेज इंटरनेटवरून त्याच्याकडे पोचवतं. तुम्ही रानात, फोन खिशात, आणि शेकडो मैलांवर बसलेला माणूस तुमचे मेसेज वाचतोय.

आपल्या एका मोबाईल नंबरवर किती गोष्टी टांगलेल्या आहेत ते बघा. बँक खातं, यूपीआय, आधार, पीएम किसान, महाडीबीटी, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक. यातल्या बहुतेक ठिकाणी 'हा माणूस तोच आहे' हे ओटीपीवरूनच ठरतं. ओटीपी ज्याला दिसला तो तुमच्या नावाने आत शिरू शकतो.

मेसेज चोरायच्या चार वाटा आहेत. एकेक बघू.

*वाट १: ग्रुपवर येणारी एपीके फाईल*

फोटोची, पीडीएफची फाईल वेगळी आणि एपीके वेगळी. एपीके म्हणजे आख्खं ॲप. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि पुढे इंग्रजीत ए-पी-के ही तीन अक्षरं असतात. मागे काय नाव आहे त्याला काही अर्थ नाही. पीएम किसान, आरटीओ चलन, लग्नपत्रिका, बँक केवायसी, लाईटबिल, कुठल्याही नावाने येते. लग्नपत्रिका उघडायला ॲप कशाला लागेल? एवढा प्रश्न मनात आला तरी वाचलात.

ही फाईल ग्रुपवरूनच का येते, तेही समजून घ्या. गुगलने २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना एसएमएस वाचायची परवानगी सरसकट देणं बंद केलं आहे. ज्याचं मुख्य कामच मेसेजचं आहे अशा मोजक्या ॲपनाच ती मिळते. म्हणून चोराला स्टोअर टाळून मागच्या दाराने यावं लागतं. तुमचा फोन तेव्हा एकदा थांबवतोही, 'अज्ञात ठिकाणचं ॲप आहे, घ्यायचं का?' म्हणून विचारतो. तिथेच 'नाही' म्हणायचं.

त्यापुढे ॲप एसएमएस बघायची आणि पाठवायची परवानगी मागतं. मग फॉर्म दाखवतं: आधार नंबर, डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे, कार्डाची मुदत. हेच आकडे का? कारण यूपीआयचा नवा पिन लावायला कार्डाचे शेवटचे ६ आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. आकडे तुम्ही फॉर्ममध्ये भरले, ओटीपी ॲपने पोचवला. शिवाय नव्या फोनवर यूपीआय चालू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. ज्या ॲपला मेसेज पाठवायची परवानगी दिली, ते हा एसएमएसही तुमच्या नकळत पाठवू शकतं. सगळं जुळलं. पैसे काढायला तुमचा फोन हातात असायची गरज उरली नाही.

काही ॲप तर स्वतःलाच मेसेजचं मुख्य ॲप करून घेतात. मग 'खात्यातून पैसे गेले' हा बँकेचा मेसेज तुम्हाला दिसायच्या आत पुसला जातो. काही ॲपचं चिन्ह पडद्यावरून गायब होतं. तुम्हाला वाटतं ॲप चाललंच नाही. ते मागे चालूच असतं.

लक्षात ठेवा: पीएम किसानचं सरकारी ॲप प्ले स्टोअरवर आहे. केवायसी त्यात चेहरा दाखवून होते, संकेतस्थळावर ओटीपीने होते, किंवा सीएससी केंद्रावर अंगठा लावून होते. व्हॉट्सॲपवरच्या फाईलमधून होत नाही. शंका आली तर योजनेच्या १५५२६१ या मदत क्रमांकावर विचारा.

*वाट २: तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर*

एक व्हॉट्सॲप खातं आपल्या फोनशिवाय आणखी ४ यंत्रांवर जोडता येतं. ही सोय चांगलीच आहे, आपल्या कार्यालयातही वापरतो. पण जोडणी व्हायला लागतं काय? चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करायचा किंवा ८ अक्षरी कोड टाकायचा, बस्स. तुमचा फोन दोन मिनिटं कुणाच्या हातात गेला तरी हे होतं. 'अनुदानाच्या यादीत नाव बघायला हा कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका' असं सांगून तुमच्याच हातूनही करून घेतात.

एकदा जोडणी झाली की तुमचा फोन बंद असला तरी समोरच्याला मेसेज दिसत राहतात. तुमच्या नावाने तो मेसेज पाठवूही शकतो. मग नातेवाइकाला 'दवाखान्यात आहे, ५,००० पाठव' असा निरोप जातो, ग्रुपवर एपीके जाते, आणि लोक तुमच्या नावावर विश्वास ठेवून फसतात. प्रिंट काढायला, फॉर्म भरायला दुकानात व्हॉट्सॲप जोडलं असेल तर काम झाल्यावर तिथल्या तिथे लॉगआऊट करा.

*वाट ३: 'स्क्रीन दाखवा, मी करून देतो'*

बँकेतून, विमा कंपनीतून, गॅस एजन्सीतून बोलतोय म्हणून फोन येतो. माणूस गोड बोलतो. 'काका, तुम्ही काही करू नका, हे ॲप घ्या, आलेला नंबर सांगा, मी इकडून करतो.' एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप मुळात खोटी नाहीत. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे लांबून काम करायला वापरतात. पण नंबर सांगितला की तुमचा पडदा त्याला दिसतो, आणि पडद्यावर येणारा प्रत्येक मेसेजही. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

आता तर वेगळं ॲपही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरच स्क्रीन दाखवता येते, ही सोय २०२३ मध्ये आली. अनोळखी माणूस कॉलवर 'स्क्रीन शेअर करा' म्हणाला की फोन ठेवायचा. कुठल्याही बँकेला तुमचा पडदा बघायची गरज नसते.

*वाट ४: 'दुसऱ्याचे मेसेज बघा' म्हणणारे*

हा विषय जरा अवघड आहे, पण बोलायला हवा. 'फक्त मोबाईल नंबर टाका आणि बायकोचं, मुलाचं, भागीदाराचं व्हॉट्सॲप वाचा' अशा जाहिराती फिरतात. घरात संशय असतो, वाटणीचा वाद असतो, पोरगं रात्री उशिरापर्यंत फोनवर असतं. माणूस भुलतो.

पहिली गोष्ट, नुसत्या नंबरावरून कुणाचं व्हॉट्सॲप वाचता येत नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. मधल्या कुणाला तो वाचता येत नाही, व्हॉट्सॲप कंपनीलाही नाही. म्हणजे असा दावा करणारा तुम्हाला गंडवतोय. आधी ५०० रुपये नोंदणीचे, मग 'सर्व्हर चार्ज', मग 'जीएसटी'. त्यातून तो तुम्हालाच एपीके देतो किंवा कोड टाकायला लावतो, आणि दुसऱ्याचे राहिले बाजूला, तुमचेच मेसेज त्याच्याकडे जातात. पुढे 'तुम्ही बायकोवर पाळत ठेवताय हे तिला कळवू का?' म्हणून धमकी आली तर पोलिसात जायलाही माणूस कचरतो. चोराला हेच हवं असतं.

दुसरी गोष्ट, खरोखर चालणारी हेरगिरीची ॲप आहेत. ती समोरच्याच्या फोनमध्ये लपून बसवावी लागतात. पण जमवलेले मेसेज जातात त्या ॲपवाल्याच्या कॉम्प्युटरवर, आणि तिथून फुटतात. पोलंडमधल्या लेटमीस्पाय नावाच्या अशाच ॲपवर जून २०२३ मध्ये हल्ला झाला. ज्यांच्यावर पाळत होती त्यांचे मेसेज, कॉलच्या नोंदी, ते कुठे होते ते ठिकाण, सगळं चोरीला गेलं. शेवटी ॲपच बंद पडलं. अमेरिकेत स्पायफोन नावाच्या ॲपच्या कंपनीला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२१ मध्ये पाळतीच्या धंद्यातूनच बाद केलं. गोळा केलेली माहिती ती कंपनी नीट सांभाळत नव्हती, हेही एक कारण होतं. घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून ॲप घ्यायचं, आणि ती परक्या देशातल्या चोरापर्यंत पोचवायची, असा हा व्यवहार.

तिसरी गोष्ट, कायदा. दुसऱ्याच्या फोनमधली माहिती त्याच्या परवानगीशिवाय काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे गुन्हा आहे. कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नवरा-बायको असलो तरी फोन ज्याचा त्याचा असतो.

लहान मुलांच्या फोनची काळजी असेल तर गुगलचं फॅमिली लिंक हे मोफत ॲप आहे. त्यात वेळेची मर्यादा घालता येते, नवं ॲप घेण्याआधी तुमची मंजुरी लागते. ते मुलांचे मेसेज वाचत नाही, आणि मुलापासून लपूनही राहत नाही. बाकीचं काम समोर बसून बोलण्यानेच होतं.

*शहरातल्या मुलांसाठी दोन ओळी*

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली काही मुलं वडिलांच्या फोनमध्ये मेसेज पुढे पाठवणारं ॲप टाकतात. आबांना ओटीपी वाचता येत नाही, म्हणून तो थेट आपल्याकडे यावा. हेतू चांगला आहे, पण आबांच्या खात्याची किल्ली त्या ॲपवाल्याच्याही हातात जाते. त्यापेक्षा बँकेत अर्ज देऊन खात्याचे व्यवहार कळवणारे ईमेल स्वतःच्या पत्त्यावर घ्या. केवायसी अंगठ्याने किंवा चेहऱ्याने करून घ्या. आबांना यूपीआय लागतच नसेल तर बँकेचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवा. त्यात एपीके बसतच नाही.

*आज दहा मिनिटं काढा आणि एवढं तपासा*

१. व्हॉट्सॲप उघडा, वर कोपऱ्यातली तीन टिंबं दाबा, 'लिंक केलेली डिव्हाइस' बघा. ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं की त्यावर बोट ठेवून लॉगआऊट करा.

२. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'खाते' उघडा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ६ आकडी पिन ठेवा. जन्मसाल ठेवू नका.

३. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची यादी बघा. पडद्यावर चिन्ह नसलेलं ॲपही बहुधा इथे सापडतं. तिथेच परवानग्यांमध्ये 'एसएमएस' उघडा. मेसेजचं ॲप, बँकेचं ॲप, यूपीआयचं ॲप यांच्याशिवाय कुणाला परवानगी दिसली तर विचार करा, गरज काय? नसेल तर काढून टाका.

४. प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोवर बोट ठेवा, 'प्ले प्रोटेक्ट' उघडा, तपासणी चालवा.

५. तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ##००२# डायल करा. वळवणं रद्द होतं. ओटीपी कधीकधी कॉलवरही सांगितला जातो, म्हणून हेही करायचं.

६. मालाचे मोठे पैसे येतात ते खातं आणि रोजच्या यूपीआयचं खातं शक्य तर वेगळं ठेवा. यूपीआयच्या खात्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा.

हे जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला सोबत बसवा. नाहीतर केंद्रावर या. फोन तुमच्याच हातात राहील, आम्ही शेजारी बसून सांगू.

*झालंच तर काय करायचं?*

पहिला तास सोन्याचा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतो. तो कुठेतरी थांबलेला असतानाच अडवता येतो.

▪️ आधी फोनचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा. म्हणजे ॲपला पुढचा मेसेज पाठवता येणार नाही. जमलं तर सिम काढून साध्या फोनमध्ये घाला.

▪️ लगेच *१९३०* वर फोन करा. शेजाऱ्याच्या फोनवरून केला तरी चालतो. हा केंद्रीय गृहखात्याच्या यंत्रणेचा देशभर चालणारा मदत क्रमांक आहे. खाते नंबर, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक ही माहिती हाताशी ठेवा. तिथून संबंधित बँकांना कळवून रक्कम रोखून धरायचा प्रयत्न होतो.

▪️ बँकेला कळवा. कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करायला सांगा. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियम असा: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले, आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन, पासवर्ड तुमच्याच हातून गेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून बघा, लवकर सांगण्यातच फायदा आहे.

▪️ फाईल, ग्रुपवरचा मेसेज, खात्यातले व्यवहार यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.

▪️ हे झाल्यावर मगच ॲप काढा. निघत नसेल तर फोटो आणि नंबर बाजूला घेऊन फोन पूर्ण रीसेट करा. त्यानंतर यूपीआय पिन आणि पासवर्ड बदला.

▪️ ज्या ज्या ग्रुपवर तुमच्या नावाने फाईल गेली तिथे कळवा: 'ही फाईल मी पाठवलेली नाही, उघडू नका.'

आणि एक. पैसे गेल्यावर 'परत मिळवून देतो, फक्त फी भरा' म्हणणारे भेटतात. तीही फसवणूकच. १९३० वर किंवा पोलिसात तक्रार द्यायला पैसे लागत नाहीत.

*लाजू नका*

फसलेला माणूस अडाणी नसतो. शिकलेले, नोकरीवाले, बँकेतलेसुद्धा फसलेत. चोराचं हे रोजचं काम आहे, आपलं नाही. कुणाच्या गोठ्यातली म्हैस चोरीला गेली तर आपण आख्खं गाव जागं करतो. खात्यातला पैसा गेला तर मात्र तोंड लपवतो. आपल्या सभासदांचे ते चार दिवस लाजेत गेले. तक्रार आता दिली आहे, पण पहिल्या तासात दिली असती तर आशा जास्त होती. आणि त्या चार दिवसांत तीच फाईल त्यांच्या नंबरवरून पुढे दोन ग्रुपवर गेली. एक माणूस बोलला असता तर दहाजण सावध झाले असते.

आपल्या कंपनीबद्दल स्पष्ट सांगतो. *आम्ही कधीही एपीके फाईल पाठवत नाही. ओटीपी, पिन, कार्डाचे आकडे मागत नाही. स्क्रीन शेअर करायला सांगत नाही.* मालाचा पैसा वजनाच्या पावतीप्रमाणे थेट खात्यात जमा होतो, त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. कंपनीच्या नावाने असं काही आलं तर ते खोटं आहे. आमच्याच माणसाच्या नंबरवरून आलं तरी खोटं समजा आणि कार्यालयात फोन करून विचारा.

हा मेसेज आपल्या गटात, बचत गटात, भावकीच्या ग्रुपवर पाठवा. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात १९३० लिहून ठेवा. पीक घरात आलंय, आता त्याचा पैसाही घरातच राहू द्या.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी